पाशामियाँचे सुधारलेले डोळे

उदगीरच्या पाशामियाँ पेंटरला लाल आणि हिरवा हे दोन रंग वेगळे दिसत नसत. चाळीस वर्षांत ही गोष्ट त्याची बायको हाजराबी आणि मुलगी मलिका सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हती. हाजराबी लाल डब्याला दोऱ्याची एक गाठ मारायची, हिरव्याला दोन. तेवढ्या दोऱ्यावर गड्यानं अख्खं उदगीर रंगवलं होतं. यंदाच्या दुष्काळात दुकानांच्या पाट्यांची कामं बंद झाली, तरी भिंतींवर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' लिहायचं काम त्याच्याकडेच होतं. पेंटरला रंग दिसत नाही म्हटल्यावर कोण बोलावणार?

आणि आता मलिका लातूरच्या प्रदर्शनात नेमकं तेच टांगायला निघाली होती. सजीवांची जनुकं बदलता आली तर काय होईल, यावर तिची तीन चित्रं होती. उद्घाटनाआधी तिनं त्याला परवानगीसाठी हॉलवर आणलं.

पहिल्या चित्रात पाण्यावाचून वाढलेली ज्वारी. दुसऱ्यात तहान न लागणारी शेळी. "असली शेळी यंदा पायजेच होती," तो हसून म्हणाला. तिसऱ्यासमोर मात्र त्याचा चेहरा उतरला. तिथं तो स्वतःच होता, मिरचीच्या अडतीवर बसलेला. खाली लिहिलं होतं, 'अब्बा, डोळ्यांचं जनुक सुधारल्यावर.'

"माझी इज्जत चव्हाट्यावर मांडायलीस?"

"तुम्ही न्हाई म्हणाले तर आत्ता काढते."

अडत त्याच्या बापाची होती. लाल मिरचीत हिरवी मिसळून यानं दोनदा माल बिघडवला, तेव्हा पोराचं कामात लक्षच नाही असं समजून बापानं वैतागून त्याला एका पेंटरच्या हाताखाली घातलं. डोळे धड असते तर तो खरंच असाच गादीवर बसला असता.

"अन् तू कुठं हायस ह्याच्यात?"

"असंल कुठंतरी. पण घरात ब्रशच आला नसता, अब्बा."

"मंग हे चित्र कुणी काढलं असतं?"

"कुणीच न्हाई."

पाशामियाँ चित्राच्या आणखी जवळ सरकला. जन्मभर त्यानं या डोळ्यांचा राग राग केला होता. आज तो राग शोधूनही सापडेना.

पाहुणे आत येऊ लागले. त्यांत उदगीरचे दोन दुकानदारही होते. त्यांना पाहून मलिका घाईनं चित्र उतरवायला गेली, तसा त्यानं तिचा हात धरला.

"राहू दे. नुसतं अब्बा लिहिलंस, लोकांला कसं कळंल कोण ते? नाव मीच टाकतो."

टेबलावर तिचे रंग मांडलेले होते. त्यानं ब्रश उचलला आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "बेटा, ह्यातला लाल कोणता?"