पुरलेला पंचा

जुन्या हुबळीत आमचं कापडाचं दुकान आहे. आजोबा मिरजेहून आले तेव्हापासून दारावर एकच पाटी होती: येथे शुद्ध सुती पंचे व धोतरे मिळतील. दर दिवाळीला ती मी स्वतः रंगवायचो. कापड अंगठ्याखाली धरलं की त्यात काय आहे ते मला कळतं, असं मी बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो. कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरायचं.

अळणावरजवळच्या एका खेड्यातले तुकाराम दर युगादीला, म्हणजे पाडव्याला, आमच्याकडून पंच्यांची जोडी नेतात. गेल्या वर्षी मात्र ते दसऱ्याच्या सुमाराला आले, सोबत त्यांची सून अनिता. दोघांत वाद होता आणि तो मिटवायला त्यांना पंचा हवा होता.

इकडं युरियाला सरकारी खत म्हणतात. तीन वर्षांपूर्वी अनितानं सासऱ्यांकडून खालचं एक एकर मागून घेतलं आणि त्यात सरकारी खत बंद केलं. शेण, गोमूत्र, गुळाचं पाणी, पालापाचोळा, एवढ्यावर तिनं रान धरलं. पहिल्या वर्षी पीक निम्मं आलं आणि गावाला हसायला विषय मिळाला. तिसऱ्या वर्षी ते वरच्या रानाच्या बरोबरीनं आलं, शिवाय पाण्याची एक पाळी वाचली. आता तिला वरचे तीन एकरही हवे होते. तुकाराम म्हणत होते, एखाद्या वर्षी पीक येतंच, त्यात मातीचं काय.

"धारवाडच्या मेळाव्यात एका बाईंनी सांगितलं," अनिता म्हणाली. "सुती कापड मातीत पुरायचं, अण्णा. माती जित्ती असली तर दोन-अडीच महिन्यांत खाऊन टाकतीया. मेलेली असली तर कापड तसंच ऱ्हातंय."

"खालच्या मातीनं खाल्लं तर वरचं रान हिला," तुकाराम म्हणाले. "न्हाई खाल्लं तर खालच्या रानात बी युरिया पडणार. तसं बोलणं झालंय आमचं. पर कापड तुमच्याच हातचं पायजे, दत्तूअण्णा."

मी फुगलोच. नवा पंचा काढला, माझ्या हातानं मधोमध फाडला आणि एकेक तुकडा दोघांच्या हातात दिला.

शीगी पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, इकडची घरं जेवण घेऊन रानात जातात, मातीची पूजा करतात, चार घास रानात उधळतात आणि मग जेवतात. त्या दिवशी दोन्ही रानांत वीतभर खोल एकेक तुकडा पुरला गेला. पुढं अडीच महिन्यांनी येळ अमावास्येला असाच पूजेचा दिवस असतो. त्या दिवशी उकरायचं ठरलं आणि मला जेवणाचं आमंत्रण आलं.

मी सकाळच्या गाडीनं गेलो. वरच्या रानात चालताना पायाखाली ढेकळं टोचत होती. बांध ओलांडून खाली उतरलो तर टाच मातीत बसली. शेतीतलं मला काही कळत नाही, पण हा फरक माझ्या पायांनाही कळला.

तुकारामांनी आधी वरचा तुकडा काढला. तो मळला होता, पण अख्खा होता. मग अनिता खालच्या रानात गुडघ्यांवर बसली आणि हातांनी माती बाजूला करू लागली. दोन गांडुळं निघाली, ती तिनं जपून कडेला ठेवली. मग कापड लागलं. तिनं ते ओढलं आणि ते काठापासून काठापर्यंत सलग बाहेर आलं.

तुकारामांना जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही. "तीन वरसं राबलीस, पोरी," ते म्हणाले. "पर ठरलं ते ठरलं." मग माझ्याकडं वळून त्यांनी सहज विचारलं, "पंचा सुतीच हाय न्हवं?"

मी तोंड उघडण्याआधीच अनिता बोलली. "अण्णांच्या दुकानातला हाय, मामा. सुतीच असणार. माझीच माती कमी पडली."

मी तिच्या हातातलं कापड घेतलं. अंगठा फिरवला. सुताचा मऊपणा कुठंच नव्हता. हाताला नुसती जाळी लागत होती, निसरडी आणि ताठ. दोन वर्षांपूर्वी एका नव्या गिरणीचा माल आला होता. त्यांचा माणूस शुद्ध सुती म्हणाला, मी खळ लावलेल्या कापडावरून एकदा अंगठा फिरवला आणि पाटीखाली रचून ठेवला.

खरं सांगतो, गप्प बसावं असं मनात आलं. परतीची गाडी चारला होती. कुणाला काही कळलं नसतं आणि माझी पाटी जागच्या जागी राहिली असती. पण अनिता माझ्याकडं संशयानं बघतही नव्हती. ती बोटांची माती चोळून काढत होती. मला स्वतःची लाज वाटली.

"काडेपेटी आहे?" मी विचारलं. तुकारामांनी खिशातून दिली.

मी एक दोरा उपसून त्याला काडी लावली. सूत जळलं की राख होते, फुंकर मारली की उडते. हा दोरा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. तो मी तुकारामांच्या तळहातावर ठेवला.

"सुतात प्लास्टिकचा धागा मिसळलाय," मी म्हणालो. "मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असायला हवं होतं. हा धागा कुठलीच माती खात नाही. चूक माझी आहे, हिच्या मातीची नाही."

तुकाराम बराच वेळ तो मणी चिमटीत फिरवत राहिले. मग विहिरीवर जाऊन त्यांनी दोन्ही तुकडे धुतले आणि उन्हात धरले. वरच्या रानातला अजून अंग पुसायच्या कामाचा होता. खालच्या रानातल्या तुकड्यातून पलीकडं ताटं वाढणाऱ्या हिराबाई, त्यांची बायको, स्वच्छ दिसत होत्या.

"ह्यातलं सूत?" त्यांनी विचारलं.

"सगळं गेलं."

"आन् माझ्या रानातलं?"

"सगळं आहे."

त्यांनी दोन्ही तुकडे बांधावर वाळत टाकले. "वरचं रान तुझं," ते अनिताला म्हणाले आणि जेवायला बसले. अनितानं पदर डोळ्यांना लावला. मी निघेपर्यंत तुकाराम माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. हिराबाईंनी भाकरी वाढली, ती मी मान खाली घालून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली आणि दुकानातल्या प्रत्येक ताग्याचा दोरा जाळून पाहिला. जवळजवळ निम्मा माल वेगळा काढावा लागला. "अंगठ्याला आता विश्रांती द्या," सरस्वती, माझी बायको, म्हणाली. एरवी मी तिच्यावर उसळलो असतो.

युगादीला तुकाराम येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. सकाळी दहाला ते आले. रामराम नाही, चहा नाही. दुकानातल्या गठ्ठ्यातून त्यांनी एक पंचा काढला, कडेचा दोरा उपसला आणि खिशातून काडेपेटी काढून माझ्यासमोर धरली.

मी काडी ओढली. दोरा भुरकन जळला. त्यांनी राखेवर फुंकर मारली, ती उडून माझ्या सदऱ्यावर बसली.

"जोडी बांधा, अण्णा," ते म्हणाले.