एक वाक्य कमी

पेन्सिलीचं वर्तुळ नीट मिटलेलं नव्हतं—डाव्या बाजूला बारीकशी फट राहिली होती, आणि मास्तर मघापासून त्या फटीकडेच बघत होते, जणू आत कोंडलेलं वाक्य तिथून निसटून जाईल. वाक्य तरी केवढं! 'देवही माझ्या आजीसारखा कमी ऐकतो का?' मास्तरांनी लिहिलेल्या गोष्टीतल्या मुलीला आजीशी ओरडून बोलायची सवय. रस्त्यावरच्या कर्ण्यांतून प्रार्थना कानांवर आदळतात आणि ती सहज विचारते. वर्गात मास्तर ही गोष्ट सांगत, तेव्हा इथे सगळी पोरं खिदळायची, आणि मग एखादं एकदम गप्प व्हायचं... त्या गप्प झालेल्या पोरासाठीच तर गोष्ट होती.

आता ती पाठ्यपुस्तकात जायची होती. सकाळी संपादकांचा फोन आला होता.

"सर, मला स्वतःला वाक्य आवडलंय हो. पण दिवस कसे आहेत, बघता ना? तेवढं काढू या. संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर गोष्टच गाळावी लागेल."

मग परगावच्या लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा, कशाला विकतचं दुखणं? तुम्ही तिथे एकटे. उद्या चार माणसं दारात येऊन उभी राहिली तर?"

"येऊ देत की. तेवढीच सोबत."

ती हसली नाही.

दुपारी त्यांनी वाक्य वगळून गोष्ट मोठ्यानं वाचली—रिकाम्या खुर्च्यांना, वर्गात वाचावी तशी, थांबत थांबत. कुठेतरी ठेच लागेल, या आशेनं... पण कुठेच लागली नाही. गोष्ट गुळगुळीत झाली होती. बायको असती तर म्हणाली असती, "हे कुणाचं लिहिलेलं वाचताय?" तेवढं विचारणारंही आता घरात कुणी नव्हतं.

मन रमवायला त्यांनी नवी गोष्ट घोळवायला घेतली. एक मुलगा झेंड्याला विचारतो, वारा पडला की तू—

"सावकाश, बाळ. आधी नीट विचार कर."

आतूनच कुणी बोललं. आवाज दरडावणारा नव्हता. संपादकांचा नव्हता, लेकीचाही नाही. फळ्यापाशी भेदरलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून मास्तर स्वतः ज्या आवाजात बोलत, तोच—मऊ, सवयीचा. कधीपासून बोलतोय हा? आणि त्याचं ऐकून आपण किती गोष्टी उमलण्याआधीच खुडल्या...

उन्हं कलली होती. संपादकांना कळवायचं राहिलं होतं; फोन शेजारी तसाच पडला होता. मास्तर श्वास रोखून बसले, तो आवाज पुन्हा येतो का ऐकत—आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या मायाळूपणाची भीती वाटली.