मॅलाकीचा नळ

सोमवारी फियाक्राच्या घरच्या भट्टीतली बिअर अखेर आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतल्या त्याच्या गावच्या पबात नळावर आली. पण असं काही घडलंच नाही, असं सगळं गाव म्हणतं. तेव्हा आपणही घडलं नाही असंच धरू.

पबात नळ पाच. चार बड्या कंपनीचे, पाचवा सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा. ती सायडर म्हाताऱ्या मॅलाकीशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. "मॅलाकी गेला की नळ तुझा," हा मालकीण ब्रोनाचा फियाक्राला सहा वर्षांचा वायदा.

सोमवारी सकाळी रेडिओवरच्या निधनवार्तांत मॅलाकी गेला. ब्रोनानं डोळे पुसले आणि नळ बदलला. दुपारभर गावानं मयताच्या नावानं फियाक्राची बिअर चाखली, तोंडभर वाहवा केली.

सहा वाजता मॅलाकी आत आला. गेला होता तो पलीकडच्या गावचा, त्याच्याच नावाचा. ब्रोनानं जुना नळ परत बसवला.

"अगं मावशी, आत्ता तर सगळे वाहवा करत होते!" फियाक्रा उसळला.

"ती मयतातली वाहवा रे, बाळा."

मॅलाकीनं फियाक्राच्या बिअरच्या एका उरलेल्या ग्लासातला घोट घेतला. "झकास आहे की! ब्रोना, माझं नेहमीचं दे."

फियाक्रानं तिथंच बसून काउंटी कौन्सिलला अर्ज लिहिला: 'रेडिओवर रीतसर जाहीर झालेलं निधन मागं घेण्याची तरतूद नसल्यानं, सदर इसमास मृत समजून पाचवा नळ अर्जदारास विनाविलंब देण्यात यावा, ही विनंती.'