भोपळ्याच्या वाफ्यातली फळी

मित्रांनो, माझी लांबी साडेतीन फूट, रुंदी एक वीत आणि जाडी अंगठ्याएवढी. एवढ्या मापाची मी एक जुनी फळी आहे. लाकडाच्या वखारीत मला कापलं, सुताराने माझी वरची बाजू रंधा मारून गुळगुळीत केली. खालची बाजू मात्र खरबरीतच राहिली. तिला दोन लांब भेगा होत्या. सुताराने त्यांवरून बोट फिरवलं आणि खालचं कोण बघतंय म्हणून सोडून दिलं.

मग एकतीस वर्षं मी एका दवाखान्यात औषधांच्या बाटल्या पेलल्या. तिथल्या कंपाउंडरचा एक नियम होता. बाटली जिथून उचलली, तिथेच परत ठेवायची. डोळे मिटून हात घातला तरी खोकल्याचं औषध खोकल्याचंच हाताला लागलं पाहिजे, असं तो म्हणायचा. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एकदाही चुकीची बाटली गेली नाही. माझ्या अंगावर बाटल्यांच्या बुडांचे गोल डाग पडले आहेत; एकाही डागावर दुसरा डाग नाही.

दवाखाना बंद झाला तेव्हा कंपाउंडरने मला सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणलं. घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताईचे गुडघे गेलेले. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारात स्टुलावर बसून परसबागेवर लक्ष ठेवायची आणि भावाला 'डॉक्टर' म्हणून चिडवायची. जन्मभर डॉक्टरच्या मागे उभा राहिलास, निदान घरात तरी पुढे हो, म्हणायची. मी सहा महिने न्हाणीघराच्या दाराआड धूळ खात पडले होते. भोपळ्यावर किडे आले नसते तर आजही तिथेच असते.

हा भोपळा साधा नव्हता. त्याचं बी त्यांच्या आईचं होतं. करड्या-हिरव्या सालीचा, देठाशी मान जराशी वाकडी, आतून इतका भरगच्च की बियांना जेमतेम मुठीएवढी पोकळी. आईने घर तीनदा बदललं आणि तिन्ही वेळा भांड्यांच्या आधी बियांची पुडी नेली. आईचा फोटो घरात नव्हता. दरवर्षी दोन वेल, त्यांतलं एक फळ फक्त बियांसाठी राखायचं, असं चाळीस वर्षं चाललं होतं. ताईने बाजारात, ओळखीपाळखीत खूप शोधलं. तसं बी दुसरीकडे कुठेच नव्हतं.

त्या वर्षी पानांमागे करडे, चपटे किडे दिसू लागले. आकाराने नखाएवढे, चिरडले तर वास नाकात बसायचा. ते वेलीतला रस शोषत आणि पानं करपत. रोपवाटिकेवाल्याने युक्ती सांगितली. संध्याकाळी वेलीच्या बुडाशी फळी टाकायची. पहाटे किडे आसऱ्याला तिच्याखाली शिरतात. सकाळी फळी उलटायची आणि त्यांना साबणाच्या पाण्यात टाकायचं.

पहिल्या सकाळी माझ्याखाली अडतीस निघाले. ताई त्यांना भाडेकरू म्हणायची. "आज किती भाडेकरू बाहेर काढले?" हा तिचा चहाच्या वेळचा प्रश्न असे. तिसऱ्या आठवड्यात दोनच उरले. फळ पिकलं, बी मिळालं. एकतीस वर्षांत डॉक्टरच्या हातून जेवढं झालं नाही तेवढं या फळीने एका महिन्यात केलं, असं ताई म्हणाली. कंपाउंडरने मला फडक्याने पुसलं. दवाखान्यात मला कुणी असं कधी पुसलं नव्हतं.

हंगाम संपला. त्याने वाळलेले वेल उपटले, खुरपं धुऊन खुंटीला अडकवलं. आणि मला, पुसून स्वच्छ करून, पुन्हा वाफ्यात ठेवलं. कारण आता माझी जागा ती होती.

मित्रांनो, पुढचे चार महिने मला कुणी उलटलं नाही. थंडी पडली तसे उरलेसुरले किडे आणि शेजारच्या बागांतले किडे एकेक करून आले आणि माझ्या भेगांमध्ये शिरले. ते खात नव्हते, हलत नव्हते. नुसते चिकटून होते. माझ्याखाली दोन बोटं खोल मातीत खोडकिड्याच्या अळ्या कोषात झोपल्या होत्या. तो दुसरा शत्रू त्या वर्षी गुपचूप येऊन गेला होता. वरून मी धुतल्यासारखी दिसत होते. कंपाउंडर रोज सकाळी दारातून बघायचा आणि सगळं जागच्या जागी आहे म्हणून आत जायचा.

ऊन वाढू लागलं तेव्हा पेरणीचा विषय निघाला. किडीने शोषलेल्या त्या फळात भरलेल्या बिया अकराच निघाल्या होत्या. चार मागे ठेव, ताई म्हणाली. बी कमजोर होत चाललंय, किती उगवेल भरवसा नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

"अर्धा डोस देऊन रोग जात नाही, ताई."

"रोग नाही तो. बी आहे."

पण गेल्या वर्षीचं यश त्याच्या पाठीशी होतं, आणि मीही होते. त्याने अकराच्या अकरा बिया त्याच वाफ्यात लावल्या. सात उगवल्या.

रोपांना चौथं पान फुटायच्या आत माझ्या भेगांतले किडे बाहेर पडले. त्यांना चालावंसुद्धा लागलं नाही. पानांमागे तांबूस अंड्यांच्या ओळी दिसू लागल्या. कंपाउंडर जखमेची चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून एकेक अंडं टिपायचा. रोज सकाळी मला उलटायचा. साठ, सत्तर, एकदा एक्क्याण्णव. ताईने आकडा विचारायचं बंद केलं. पाच आठवड्यांत चार वेल करपले.

उरलेले तीन भर दुपारी माना टाकू लागले. त्याला वाटलं, तहान. त्याने तीन दिवस पाणी वाढवलं. चौथ्या दिवशी ताई स्टुलावरूनच म्हणाली की ही तहान नव्हे, बुंध्याशी बघ. तिथे ओला, पिवळट भुसा पडला होता. खोडकिडा आत शिरून खोड पोखरत होता. कंपाउंडरने ब्लेड उकळून घेतलं, खोडाला उभी चीर दिली आणि तपकिरी डोक्याची पांढरी, जाडजूड अळी चिमट्याने बाहेर काढली. मग दुसरी. मग आणखी तीन. चिरेवर ओली माती लिंपली. तरी दोन वेल त्याच आठवड्यात गेले.

शेवटच्या वेलीला एक फळ धरलं होतं, दोन मुठींएवढं. ताई वर्षभरात पहिल्यांदा काठी टेकत वाफ्यापर्यंत आली आणि दुपारचे दोन तास त्या वेलीवर छत्री धरून बसली. असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी वेल उठली नाही. खोड हातभर पोकळ झालं होतं.

फळ खिडकीत पिकत ठेवलं. तीन आठवड्यांनी त्याने ते दारातच बसून कापलं. बिया पांढऱ्या, चपट्या होत्या. तो एकेक बी नखाने दाबून बघत होता. आत काही नव्हतं, नुसती टरफलं. शेवटची बी दाबून झाली तरी त्याने मान वर केली नाही.

"किती?" ताईने विचारलं.

"एकही नाही."

दुसऱ्या दिवशी वाफा साफ करताना त्याने मला उचलून उन्हात उभं केलं. इतके दिवस तो घाईने उलटायचा, हाती लागतील ते किडे काढायचा. त्या सकाळी त्याने माझ्या भेगा पहिल्यांदा नीट पाहिल्या. थंडीत मेलेल्या किड्यांची वाळकी कवचं आत रांगेने अडकली होती. त्याने काडीने ती बाहेर काढली, हातावर घेतली, आणि वाफ्याच्या कडेला मातीतच बसला.

"ताई, गेल्या थंडीत यांना मीच छप्पर दिलं."

तिच्या तोंडून टोमणा येईल, असं मला वाटलं. आला असता तर बरं झालं असतं.

"आत ये," ती म्हणाली. "ऊन लागतंय."

त्यानंतर तिने त्याला डॉक्टर म्हणून कधी चिडवलं नाही. दारातलं स्टूलही आत गेलं.

मित्रांनो, वर्षभर राबलेल्या वस्तूला विश्रांती द्या, पण तिला शेतात किंवा वाफ्यात विसरू नका. हंगाम सरला की उचला, खालची बाजू बघा, भेगा झाडा, उन्हात ठेवा. पुढच्या वर्षी वेल दुसऱ्या वाफ्यात लावा. आणि कितीही खात्री असली तरी मूठभर बी मागे ठेवा. हे सगळं मला थंडीच्या त्या चार महिन्यांतच ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं.

सध्या मी मागच्या भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या भेगा कोरड्या आहेत, त्यांत एकही किडा नाही. समोरच्या वाफ्यात राखण्यासारखं काही उगवलेलं नाही.