झाकण आवळलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. जाड काचेची, पत्र्याच्या झाकणाची. आधी माझ्यात साखर असायची. मग घरच्या काकींनी मला घासूनपुसून माझ्यात खमीर ठेवलं. दुधाला विरजण लागतं, तसं बिअरला खमीर लागतं. ते जिवंत असतं.

काका-काकींनी पहिली बिअर स्वयंपाकघरात, एका पातेल्यात केली. पुढे गॅरेजमागची शेड घेतली, स्टीलच्या टाक्या आल्या. सहा स्टुलांचा एक बार निघाला, मग दुसरा, मग तिसरा. तिन्हीकडे चव एकच, कारण प्रत्येक खेपेचं खमीर माझ्यातूनच जायचं. अर्धं काकी टाकीत ओतायच्या, उरलेल्याला जवाचं गोड पाणी पाजायच्या. दोन दिवसांत मी पुन्हा भरलेली.

काका झाकण गच्च लावायचे. काकी ते सैल करायच्या. "अहो, त्याला श्वास घेऊ द्या. तुमच्या घोरण्यावर मी कधी झाकण ठेवलंय का?"

चार महिन्यांपूर्वी काकी वारल्या. त्यांनी शेवटचं भरलेलं खमीर माझ्यात होतं. काकांनी दोन्ही हातांनी माझं झाकण आवळलं, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला फ्रिजमध्ये अगदी मागे ठेवलं.

आता टाक्यांत पाकिटातलं खमीर पडतं. जुनी गिऱ्हाइकं एक घोट घेतात आणि ग्लास तसाच ठेवून उठतात. तिसऱ्या बारला कुलूप लागलं.

आज सकाळी त्यांची मुलगी पातेल्यात जवाचं ताजं पाणी घेऊन आली.

"बाबा, बरणी द्या ना. अजून थोडं जिवंत असेल."

"तिच्या हातचं एवढंच उरलंय. तेही ओतून टाकू?"

"आई दर खेपेला अर्धं ओतायची, म्हणून तर उरायचं."

काकांनी मला छातीशी धरलं. झाकणावर हात ठेवला. मग मला परत आत ठेवलं. मुलगी पातेलं टेबलावर ठेवून निघून गेली.

मित्रांनो, माझ्या तळाचा थर साईसारखा होता, तो तपकिरी पडत चाललाय. तो उपाशी आहे. काका रोज माझी काच पुसतात. त्यांना वाटतं, ते जपताहेत.

गेलेल्या माणसाच्या हातचं काही जिवंत तुमच्या घरी असेल, तर त्याला खाऊ घाला, वापरा. आणि काकांना कोणीतरी सांगा, झाकण अर्धा आटा सैल करा. पाणी अजून टेबलावर आहे. मला झाकण आतून उघडता येत नाही.