खोलीत कोण राहतं

घरी तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती दोन मिनिटं एका जागी टिकायची नाही. शिकायला परदेशात आल्याला आता नऊ आठवडे झाले होते आणि भिंगरी थांबली होती. रडू येत नव्हतं, घरची आठवणसुद्धा धड येत नव्हती. सकाळी उठायचं, तासाला बसायचं, वहीत उतरवून घ्यायचं, परत यायचं, उभ्याउभ्याच काहीतरी पोटात ढकलायचं. आईचा फोन आला की "सगळं मस्त" म्हणायचं. आपण खोटं बोलतोय असंही वाटायचं नाही.

एका शनिवारी सकाळी ती कचऱ्याची पिशवी टाकायला खाली उतरली. परत आली तर दार मागच्या मागे बंद झालेलं. किल्ली आत, ओळखपत्र आत. हातात फक्त फोन, पायात स्लिपर. खोली भाड्याने देणाऱ्या कचेरीत फोन लावला, तर सोमवारी बोला असं यंत्र सांगत होतं. मग तिने किल्लीवाल्याला बोलावलं.

तो तासाभराने आला. पन्नाशीचा, गुडघे धरत जिना चढणारा. हत्यारांची पेटी खाली ठेवून त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुमचीच खोली कशावरून?"

"कागद आत आहेत."

"सगळे हेच सांगतात. शेजारी कोणी ओळखतं?"

तिने समोरचं दार वाजवलं. एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत बाहेर आले. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या खोलीत? इथे कोणीच राहत नाही. उन्हाळ्यापासून रिकामी आहे. आवाज नाही, काही नाही."

"हो का," ती म्हणाली. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. पण म्हातारबुवांच्या कोपरावरचं ठिगळ किती नीट लावलंय, एवढंच तिला दिसलं.

किल्लीवाला पेटी उचलायला वाकला. "आत काय काय आहे हे तुमच्याखेरीज कोणी सांगू शकेल? मी उघडून ताडून बघतो. पटलं तर ठीक, नाही तर पुन्हा बंद करून जातो."

तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. आई शिवणकाम करते. मशीन थांबवून ती पडद्यावर आली, गळ्यात टेप, दातांत टाचणी. लेक जिन्यात उभी बघून तिने टाचणी काढली.

"काय गं, काय झालं?"

भिंगरीने दोन वाक्यांत सांगितलं.

"एवढंच ना? सांग त्यांना. आत गेल्यावर डावीकडे टेबल. एक पाय लंगडा, त्याखाली पुठ्ठा. खिडकीला पडदा नाही, पिवळी चादर टांगलीय, तीही उलटी. पलंगाखाली मोठी बॅग. बॅगेला मी बांधलेली लाल नाडी अजून तशीच आहे. उघडलेलीच नाही."

भिंगरी एकेक वाक्य त्याच्या भाषेत सांगत होती. बॅगेपाशी अडली.

"आणखी काय म्हणाल्या?" किल्लीवाल्याने विचारलं.

"बॅग... उघडलेली नाही."

"तुला कसं कळलं?" मग तिने फोनकडे वळून आईला विचारलं.

"तू बोलतेस तेव्हा मागे दिसते की. रोज म्हणतेस सामान लावलं. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

किल्लीवाल्याने अर्ध्या मिनिटात दार उघडलं. तिला बाहेर थांबवून तो आत गेला. टेबलाचा पाय पाहिला, चादर पाहिली, गुडघा चोळत पलंगाखाली वाकला. म्हातारबुवाही उंबऱ्यापर्यंत येऊन डोकावले.

"सगळं बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय म्हणतोय गं?" आई ओरडली.

"बरोबर आहे म्हणतायत."

"मग! मी काय हवेत बोलते?"

कागदावर तिची सही घेऊन किल्लीवाला गेला. म्हातारबुवा जरा घुटमळले. "माझ्याकडे दुसरी किल्ली ठेवलीत तरी चालेल," म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता आपल्या घरात गेले.

आईने फोन ठेवला नव्हता. "आता ती बॅग काढ. माझ्यासमोर."

नाडीची गाठ दातांनी सोडवावी लागली. वर आईने शिवलेले तीन कुर्ते होते.

"तो निळा घालून दाखव."

तिने घातला. खांद्यावरून तो ओघळत होता. आईने गळ्यातला टेप हातात घेतला, परत सोडला. मग कामाच्या आवाजात म्हणाली, "बाजूने चिमटीत धर. हं, तेवढंच. दोन्हीकडून आत घ्यावं लागेल. सुईदोरा बॅगेच्या खणात आहे. काढ आणि बस."

कुर्ता उतरवून, सुईदोरा घेऊन ती पलंगाच्या कडेला बसली. फोन उशीला टेकवून टाके घालू लागली. आई पडद्याला नाक लावून बघत होती.

"कशी आहेस?" आईने मधेच विचारलं.

"माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "काहीच वाटत नाही गं. चांगलं नाही, वाईटही नाही."

"बरं," आई म्हणाली. "टाके लांब पडतायत. उसव आणि परत घाल."

तिने उसवलं आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला घेतला.