कोंडिबाची बादली

मित्रांनो, मी खारघरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिळ्याला टांगलेलं जुनं जाळं आहे. माझा स्वभाव संशयी, हे आधीच कबूल करतो. त्या स्वभावापायी एका भल्या माणसाला मी मनातल्या मनात चोर ठरवलं होतं.

दिवाळे गावातल्या वेणूबाईंनी मला विणलं. माझ्या भोकांना त्या डोळे म्हणायच्या. "डोले बारीक ठेवलेन, कोलबीचा पोर पन सुटनार नाय!" असं सांगून त्यांनी मला कॉलेजच्या हवाली केलं. वर बुचं, खाली शिशाचे मणी, दोन्ही कडांना बांबू, असा माझा थाट होता. गर्द झाडीतल्या डोंगरी ओढ्यांत कोणकोणत्या जातींचे मासे आहेत ते शोधायचं, हे माझं काम. सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. पुढे कुणालाच ओढ्यात उतरायची हौस राहिली नाही. मला ओलंच कपाटात कोंबलं गेलं आणि चार वर्षं मी उंदराच्या दातांची करकर ऐकत पडून राहिलो. फार वाईट वाटायचं.

वैदेही नावाच्या विद्यार्थिनीने मला बाहेर काढलं, उंदरांनी पाडलेली भोकं शिवली. तिच्या पदवीचं काम खारघरच्या डोंगरातल्या एका ओढ्यावर होतं. मदतीला तिने वडिलांच्या ओळखीचे कोंडिबा आणले. साताऱ्याकडचा माणूस, वाशीच्या बाजारात तीस वर्षं गोण्या वाहिलेला.

कामाची रीत सोपी होती. ओढ्याचा तीस पावलांचा तुकडा दोन्ही टोकांना आडवी जाळी लावून बंद करायचा आणि मला त्यातून तीनदा ओढायचं. दर खेपेला मासे कमी होत जातात, आणि त्यावरून ओढ्यात एकूण किती असतील याचा अंदाज बांधता येतो.

पण आमचे मासे कमी होईनात. पहिल्या खेपेला एक्केचाळीस, मग चाळीस, मग बेचाळीस! तिचं काम तपासणाऱ्या आशुतोष सरांनी वही पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वैदेही, असं होऊच शकत नाही. आकडे घरी बसून लिहिलेस का?"

"नाही सर! खरंच नाही. एकदा माझ्यासोबत चला ना."

"शनिवारी येतो. तेव्हाही असंच निघालं तर मी सही करणार नाही. वर्ष गेलं समज."

पोरगी रडवेली झाली. मला मात्र चोर ठाऊक होता. मोजून झाले की कोंडिबा बादली उचलून मोठ्या दगडामागे जायचे आणि रिकामी घेऊन यायचे. रात्री कालवण होत असणार, दुसरं काय!

शनिवारी पहिली खेप झाली. कोंडिबा दगडामागे गेले आणि मला खांद्यावर टाकून सर दबकत त्यांच्या मागे. आता बरा सापडेल, असं म्हणून मी सगळे डोळे ताणले. कोंडिबा उकिडवे बसून बादली हळूच दोन आडव्या जाळ्यांमधल्याच पाण्यात तिरकी करत होते. एकेक मासा सुळकन आत शिरत होता.

"काका, हे काय करताय?" सर ओरडले.

"सोडतुया की. ताईच म्हनल्या, मोजलं की पान्यात सोडा, मरू देऊ नका."

वैदेही धावत आली. "अहो काका, तिन्ही खेपा झाल्यावर! आणि तेही जाळ्यांच्या बाहेर!"

"भाईर? ते कसं?" कोंडिबा गोंधळले. "बाजारात गोनी परत फिरली, तर ज्या गाळ्यातनं उचलली त्याच गाळ्यात ठिवायची. दुसऱ्याच्या दारात टाकली, तर मुकादम हुभं करत न्हाय. ह्यास्नी परक्या डोहात कसं सोडू?"

सर हसू लागले. तेच ते मासे आम्ही तीन-तीनदा मोजत होतो! वैदेहीने कपाळाला हात लावला. "चूक माझी आहे, काका. मी नीट सांगितलं नाही."

दुसऱ्या शनिवारी मासे टपात झाकून ठेवले. अडतीस, पंधरा, पाच! सरांनी तिथेच, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून वहीवर सही केली. मग कोंडिबांनी आडवी जाळी काढली आणि मासे ज्या डोहातले होते त्याच डोहात सोडले.

मित्रांनो, त्यांच्यात शेपटीला खाच असलेला एक मासा होता. आधीच्या दिवसांत तो दर खेपेला माझ्यात यायचा. कोंडिबा मासे खात असते, तर तो परत आलाच कसा असता? एवढं साधं मला कळलं नाही.

आमच्यासारख्या जाळ्यांना वापरून झाल्यावर धुवा, सावलीत वाळवा, फाटलं तर शिवा. आणि कुणाचा संशय आलाच, तर एकदा त्याच्या मागोमाग दगडापर्यंत जाऊन बघा. मला हजार डोळे होते, पण मी त्या माणसाला एकदाही नीट पाहिलं नाही.